शब्बाथ शाळेतली भिशी: मराठी मंडळ्यांच्या कमिट्यांना खुले पत्र

प्रति,
मराठी मंडळ्यांच्या (स्थानिक चर्चच्या) पास्टोरेट म्हणजे कारभारी कमिट्यांचे सभासद, पाळकवर्ग आणि शब्बाथ शाळांचे (चर्चमध्ये रविवारी भरणाऱ्या मुलांच्या वर्गांचे) अधीक्षक यांस,

विषय: शब्बाथ शाळेत जमणाऱ्या मुलांच्या अर्पणाचा विनियोग

सप्रेम जय ख्रिस्त.

येत्या काही आठवड्यांत आपल्यापैकी बहुतेक कमिट्यांच्या नाताळच्या तयारीच्या बैठका होतील. नाटिका कोणती बसवायची, मंडप कोणाकडून घ्यायचा, प्रीतिभोजनाला मटण परवडेल की नाही, हे सगळे ठरेल आणि सरतेशेवटी कोणीतरी विचारील की मुलांच्या बक्षिसांचे काय. तेव्हा खजिनदार वही उघडून सांगतील की शब्बाथ शाळेच्या अर्पणाचे इतके इतके रुपये जमा आहेत, त्यातून भागून जाईल. सगळे माना डोलावतील आणि पुढचा विषय निघेल. या वर्षी त्या ठिकाणी कोणीतरी हात वर करावा, एवढ्यासाठी हे पत्र आहे. मुलांनी वर्षभर रविवारी पिशवीत टाकलेला पैसा नाताळात त्याच मुलांच्या बक्षिसांवर, फुग्यांवर आणि केकवर खर्च करण्याची जी पद्धत आपल्याकडे पडली आहे ती बंद करावी, मुलांच्या नाताळचा खर्च मंडळीच्या मुख्य निधीतून करावा आणि मुलांचे अर्पण चर्चच्या आवाराबाहेर, मुलांनी स्वतः शोधलेल्या आणि ठरवलेल्या गरजेसाठी जावे, अशी माझी विनंती आहे.

रक्कम किरकोळ असते हे मला ठाऊक आहे. पंधरा-वीस मुले, पाच-दहा रुपयांची नाणी, त्यात उन्हाळ्याच्या सुट्टीत आणि मुसळधार पावसाच्या रविवारी होणारी गळती. एवढ्याशा पैशासाठी खुले पत्र कशाला लिहायचे, असे आपल्याला वाटेल. पण मी 27 वर्षे शब्बाथ शाळेत 8 ते 11 वयाच्या मुलांचा वर्ग घेत आले आहे, जिल्हा परिषदेच्या शाळेतली नोकरीही पुरी केली आहे आणि दोन्हीकडे मला एकच अनुभव आला की मुलांना सांगितलेले विसरायला होते, पण मोठी माणसे काय करतात ते त्यांच्या पक्के ध्यानात राहते. आपण फळ्यावर सुवर्णवचन लिहितो, 'घेण्यापेक्षा देणे ह्यात जास्त धन्यता आहे'. मुले ते प्रेषितांची कृत्ये 20:35 या संदर्भासकट घडाघडा म्हणून दाखवतात. आणि डिसेंबरात त्याच मुलांना कळते की दिलेले सगळे चकचकीत कागदात गुंडाळून आपल्याकडेच परत येते. याला आपल्या भाषेत दान म्हणत नाहीत, भिशी म्हणतात. भिशीत वाईट काही नाही, माझीही एक आहे. पण तिला कोणी सुवर्णवचन लावत नाही.

माझे डोळे कशाने उघडले ते सांगते. दोन वर्षांपूर्वी माझ्या वर्गातल्या एका मुलाबद्दल दुसऱ्याने चुगली केली की तो चर्चला येताना वाटेतल्या टपरीवर थांबतो. घरून त्याला अर्पणासाठी 10 रुपये मिळत. त्यातल्या पाचाचे कुरकुरे घेऊन उरलेले पाच तो पिशवीत टाकत असे. मी त्याला वर्गासमोर उभे केले आणि बोलता बोलता हनन्या व सप्पीरा यांच्यापर्यंत माझी मजल गेली. (त्याची आज लाज वाटते, दहा वर्षांच्या पोराला जमिनीच्या पैशापायी मरून पडलेल्या नवराबायकोची भीती घालणे यात शिक्षिकेचा काही पराक्रम नाही.) तो रडला नाही. म्हणाला, "बाई, मला दहाचे पण कुरकुरे घेता आले असते." वर्ग हसला, मीही हसू दाबले आणि विषय बदलला. घरी जाताना मात्र ध्यानात आले की त्या सकाळी वर्गात बसलेल्या 18 मुलांपैकी द्यायचे की ठेवायचे हा प्रश्न ज्याच्यापुढे उभा राहिला असे ते एकच मूल होते. बाकीची सतरा पोस्टमनची कामगिरी करत होती, म्हणजे आईच्या पर्समधून निघालेले नाणे आवाज होईल अशा बेताने पिशवीत पोचवत होती. घरच्यांना न सांगता त्यांच्या पैशाचे वाटे करणे चुकीचेच, हे मी त्याला नंतर सांगितले आणि त्याच्या आईच्या कानावरही घातले. पण ज्याला चोर ठरवून उभे केले होते त्यानेच दान म्हणजे काय ते मला दाखवले, ही बोच गेली नाही.

प्रेषित पौलाने करिंथच्या मंडळीला पत्रात लिहिले ते आपण वर्गणीच्या पाकिटांवर छापतो: संतोषाने देणारा देवाला प्रिय असतो. त्याच वचनाचा आधीचा भाग आपण सहसा छापत नाही. प्रत्येकाने आपापल्या मनात ठरवल्याप्रमाणे द्यावे, असे तिथे म्हटले आहे. ठरवणे आधी, देणे मागून. आपल्या मुलांना आपण ठरवू देत नाही. किती द्यायचे ते घर ठरवते, कुठे खर्चायचे ते कमिटी ठरवते आणि मुलाच्या वाट्याला फक्त हात पुढे करणे उरते. मग पंचविसाव्या वर्षी नोकरी लागल्यावर तो तरुण वर्गणीचे पाकीट रिकामे ठेवतो, तेव्हा आपण बैठकीत तरुण पिढीच्या नावाने बोटे मोडतो.

मंदिराच्या पेटीत दोन टोल्या, म्हणजे अगदी हलकी दोन नाणी, टाकणाऱ्या गरीब विधवेची गोष्ट आपण दरवर्षी शिकवतो. टोली म्हणजे काय आणि दमडी म्हणजे काय हे आता शिक्षकांनाही ठाऊक नसते, तरी गोष्ट मुलांना आवडते, कारण तिच्यात आवाज आहे. यरुशलेमच्या मंदिरात कर्ण्याच्या आकाराच्या तोंडाच्या 13 पेट्या होत्या असे यहुदी परंपरा सांगते. तेव्हा श्रीमंतांच्या जड नाण्यांचा खणखणाट आणि दोन टोल्यांचा जेमतेम किणकिणाट यांतला फरक समोर बसलेल्या माणसाला नक्की ऐकू आला असणार. मुलांना मी नेहमी विचारते की येशूने त्या बाईला पुढे बोलावले का, तिचे नाव विचारले का. दोन्ही प्रश्नांचे उत्तर नाही असेच आहे. त्याने शिष्यांना जवळ बोलावून सांगितले. ती बाई आपल्याबद्दल कोण काय बोलले हे न कळताच निघून गेली असावी. मोठ्यांनी आणखी एक पाहावे की मार्काच्या बाराव्या अध्यायात या गोष्टीच्या लगेच आधी विधवांची घरे गिळंकृत करणाऱ्या शास्त्र्यांना येशूने फटकारले आहे. म्हणजे ही गोष्ट देणाऱ्यांना आहे तशीच पैसे गोळा करणाऱ्यांनाही आहे, आणि मुलांच्या टोल्यांचे आपण काय करतो हा प्रश्न याच पानावरून आपल्याकडे पाहतो.

आता नावांच्या जाहीर वाचनाबद्दल. उपकारस्तुती अर्पण देणाऱ्यांची नावे उपासनेत रकमेसह वाचण्याची प्रथा अनेक मंडळ्यांत आहे आणि मोठ्यांच्या बाबतीत ती मोडायला मी निघालेले नाही. एका पत्रात एकच भांडण बरे. पण गेल्या काही वर्षांत ही प्रथा शब्बाथ शाळेत शिरली आहे. कोणत्या वर्गाने जास्त अर्पण आणले त्याचा फलक लागतो, त्या वर्गाला ढाल मिळते, आणि ज्या वर्गात रोजंदारीवर जाणाऱ्यांची मुले जास्त आहेत त्या वर्गाला ती कधीच मिळत नाही. हंगामाच्या सणालाही तेच होते. वेदीपुढे बाजरीची कणसे, ऊस, भोपळे, गावरान अंडी, कोंबडे मांडलेले असतात, मग लिलाव होतो, एकच भोपळा तीनदा विकला जाऊन तीनदा परत अर्पण होतो आणि त्या गमतीत सगळी मंडळी सामील होते. हा लिलाव मला मनापासून आवडतो. फक्त मुलांनी आणलेल्या वस्तू त्यात पुकारू नयेत. एका घरच्या बापाने मुलाच्या कोंबड्याला स्वतःच हजाराची बोली लावायची आणि दुसऱ्या घरच्या मुलीने ओच्यात आणलेली चार लिंबे 'किरकोळ' म्हणून एकत्र ढिगात जायची, हे जिथे मुले डोळे फाडून पाहतात, तिथे उजव्या हाताचे डाव्याला कळू नये हे मत्तयाचे वचन पुढच्या रविवारी कोणत्या तोंडाने शिकवायचे?

यापुढचे जे लिहायचे आहे ते थोडे नाजूक आहे, पण आपल्याच माणसांत आहोत म्हणून लिहिते. आपला मराठी ख्रिस्ती समाज, निदान आमच्या अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर भागातला, घेणाऱ्यांचा समाज म्हणून घडला. अमेरिकन मराठी मिशनचे पहिले मिशनरी 1813 साली मुंबईत उतरले, 1831 साली अहमदनगरला ठाणे झाले आणि त्यानंतरच्या शंभर वर्षांत शाळा, बोर्डिंग, दवाखाना, पुढे 1876-78 च्या आणि शतकाच्या शेवटच्या दुष्काळांतले अन्न, असे जे जे आले ते बाहेरून आले. आपल्यातल्या अनेकांचे पणजे गावकुसाबाहेर राहणारे होते. लेवीयाच्या एकोणिसाव्या अध्यायात शेताच्या कडा कापू नका, सरवा, म्हणजे कापणीत गळून पडलेली कणसे, वेचू नका, तो गरिबांसाठी राहू द्या, असे सांगितले आहे, ते वाचताना आपण स्वतःला शेताच्या मालकाच्या जागी धरतो. पण आपल्या घराण्यांचा खरा इतिहास बांधावर उभे राहून सरवा वेचणाऱ्यांचा आहे. त्यात कमीपणा नाही. बायबलमधली रूथ सरवा वेचतच प्रभूच्या वंशावळीत आली. 'पोटासाठी बाटलेले' हा टोमणा आपल्या आज्यांनी ऐकला आणि त्याला शिकून सवरून, शिक्षक, परिचारिका होऊन उत्तर दिले.

पण घेण्याची सवय मिशन गेल्यावरही मागे उरली. 1970 साली नागपूरला अनेक प्रोटेस्टंट चर्च एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची स्थापना झाली, तोवर स्वावलंबी मंडळीची चर्चा कितीतरी परिषदांत होऊन गेली होती, आणि तरीही छप्पर गळू लागले की आपली नजर आधी कुठल्या तरी दूरच्या निधीकडे जाते. मुलेही तेच शिकतात. नाताळ म्हणजे काहीतरी मिळण्याचा दिवस, उन्हाळी बायबल शाळा म्हणजे वह्या आणि टोपी मिळण्याचे ठिकाण. मुलांना मिळू नये असे मी म्हणत नाही. खाऊ मिळावा, भरपूर मिळावा, पण तो मोठ्यांच्या खिशातून मिळावा. मुलाने आपल्या हाताने दिलेले काहीतरी आपल्यापेक्षा दूरच्या कोणाला तरी पोचले, हा अनुभव लहानपणी आला नाही तर स्वतःला देणारा समजण्याची सवय मोठेपणी लावणे फार अवघड असते. मासेदोनियातल्या मंडळ्यांनी कमालीच्या दारिद्र्यात असताना औदार्याने दिले, असे पौल लिहितो तेव्हा तो त्यांची कीव करत नाही, त्यांचा मान करतो. आपल्या मातीतले उदाहरण हवे असेल तर पंडिता रमाबाईंच्या मुक्ती मिशनचे केडगाव फार लांब नाही. ज्या पंडिता रमाबाईंनी तरुणपणी आपले आईवडील दुष्काळात गमावले, त्या स्वतः पुढे 1896-97 च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुलींना घेऊन आल्या. त्यांना भूक कोणी समजावून सांगावी लागली नव्हती. आपल्या मुलांनाही ती फार समजावून सांगावी लागणार नाही. आपल्याला द्यायला काय आहे, एवढाच संकोच त्यांच्या मनातून जायला हवा.

मुलांच्या छोट्या नाण्यांचे काय होऊ शकते याचे एक उदाहरण ज्या अमेरिकन बोर्डाने आपल्याकडे मिशनरी पाठवले त्याच बोर्डाच्या इतिहासात आहे. 1856 साली बोर्डाला पॅसिफिकमधल्या बेटांसाठी जहाज हवे होते. तेव्हा अमेरिकेतल्या शब्बाथ शाळांच्या मुलांना 10 सेंटला एक असे त्या जहाजाचे भाग विकत घ्यायला सांगितले आणि त्या पैशांतून 'मॉर्निंग स्टार' नावाचे जहाज बांधले गेले. मुलांना भागधारकाचे प्रमाणपत्र दिले हे मला फारसे रुचत नाही, तो व्यापारी देशाचा स्वभाव. पण आपल्या दहा सेंटचे काय झाले हे त्या मुलांना नकाशावर बोट ठेवून सांगता येत होते. त्याआधी 1843 मध्ये फ्रान्समध्ये बिशप फोर्बां-जान्सों यांनी पवित्र बाल्य संघ सुरू केला तेव्हा मुलांकडून रोज एक 'नमो मरिया' ही प्रार्थना आणि महिन्याला एक सू, म्हणजे आपल्या हिशेबात एखादा पैसा, एवढेच मागितले, आणि ते दूरदेशीच्या मुलांसाठी मागितले. वसईच्या आणि गोव्याच्या कॅथलिक बंधुभगिनींना हे नवे नाही. मिझोरममध्ये तर 1910 पासून बायका प्रत्येक वेळी भात शिजवताना मूठभर तांदूळ चर्चसाठी बाजूला काढत आल्या आहेत आणि घरातली पोरे ते रोज पाहत मोठी होतात. तिथे दानावर वेगळा पाठ घ्यावा लागत असेल असे मला वाटत नाही.

गेल्या वर्षी आमच्या अधीक्षकांच्या परवानगीने मी माझ्या वर्गापुरता एक प्रयोग केला. तो आदर्श म्हणून सांगत नाही, कारण तो अर्धाच जमला. जूनपासून वर्गाचे अर्पण वेगळ्या डब्यात ठेवले आणि मुलांना सांगितले की घरून मिळालेले चालेल, पण शक्य असेल तर आपल्या खाऊच्या, ओवाळणीच्या पैशांतले काढा, आणि ज्याला जमणार नाही त्याने रिकामा हात डब्यात घालून काढावा, म्हणजे कोणाच्या हातात काय होते ते कोणाला कळणार नाही. दिवाळीपर्यंत 1,460 रुपये झाले. मग ते कोणाला द्यायचे यावर दोन रविवार वाद झाला. एकाने गरीब मुलांसाठी क्रिकेटची बॅट घ्यावी असे सुचवले. गरीब मुले कोण, असे विचारल्यावर "आम्हीच" असे उत्तर आले. (निदान प्रामाणिक तरी.) शेवटी साखर कारखान्याच्या वाटेवर ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडतात, तिथल्या मुलांना वह्या द्याव्यात असे ठरले.

मी म्हटले, आधी विचारून तर या. पाच मुले, मी आणि एक पालक असे आम्ही गेलो. तिथल्या बायका वह्यांचे नाव ऐकून हसल्या नाहीत, पण एकीने शांतपणे सांगितले की पोरे दिवसभर फडात आमच्या मागे असतात, तोडलेल्या उसाच्या बुडख्यांनी पाय फाटतात, चपला असल्या तर बघा. माझ्या मुलांनी परतीच्या वाटेवर चकार शब्द काढला नाही. पाठांतर करून घेतलेल्या 27 वर्षांच्या वचनांनी जे झाले नव्हते ते त्या एका वाक्याने झाले: दान म्हणजे आपल्याकडे काय आहे ते नव्हे, समोरच्याला काय हवे आहे ते, हे त्यांना कोणी न सांगता कळले.

पुढे अडचणी आल्याच. कोप्यांवरची मुले 22, पैसे चपलांच्या पंधरा जोडांचे. कोणाला वगळायचे या प्रश्नावर वर्गात रडारड झाली आणि उरलेल्या सात जोडांसाठी आणखी तीन आठवडे डबा फिरला. त्यात भाऊबीजेची एक अख्खी नोट आली, कोणाची ते मला आजही माहीत नाही. मापे घेतली होती तरी दोन जोड लहान निघाले आणि दुकानदाराने बदलून देताना फार त्रास दिला. एका पालकाने वाटपाचे फोटो काढून व्हॉट्सॲपवर टाकायचा आग्रह धरला, तो मी मोडला, ते अजून माझ्याशी धड बोलत नाहीत. परत आल्यावर एक मुलगी फुरंगटून म्हणाली की त्यांनी थँक्यूसुद्धा म्हटले नाही. त्या तक्रारीवर आम्ही पूर्ण तास घालवला. बरे झालेल्या दहा कुष्ठरोग्यांपैकी एकच आभार मानायला परत आला तेव्हा येशूने बाकीच्या नऊ जणांचे बरेपण काढून घेतले का, असे मी विचारले. वर्गाचे एकमत झाले नाही आणि मी ते करूही पाहिले नाही.

आता आपण काढाल त्या हरकतींकडे वळते. बजेटात जागा नाही, असे पहिल्यांदा म्हटले जाईल. मुलांच्या नाताळचा खर्च हा मंडपाच्या खर्चाच्या तुलनेत किती असतो हे खजिनदारांनीच सांगावे. दुसरी हरकत हिशेबाची येईल. आपल्या बहुतेक मंडळ्यांच्या संस्था 1950 च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली नोंदलेल्या आहेत, हिशेब तपासले जातात आणि जावेतच. त्यात 'शब्बाथ शाळा सेवा निधी' असे एक वेगळे सदर उघडायला आणि पावती ठेवायला कोणाची बंदी नाही. उलट वर्षातून एकदा खजिनदारांनी वर्गात येऊन तो जमाखर्च फळ्यावर मुलांना समजावून सांगावा. मंडळीच्या पैशाबद्दल प्रश्न विचारणे हा अविश्वास नसतो, हे आपल्या पुढच्या कमिट्यांना तिथेच शिकता येईल.

तिसरी हरकत आजच्या दिवसांत खरीच गंभीर आहे. ख्रिस्ती मुले बाहेरच्यांना काही द्यायला गेली की धर्मांतरासाठी प्रलोभन दाखवल्याचा संशय घेतला जातो. म्हणून नियम साधा असावा की वस्तूबरोबर पत्रक नाही, वचनाचे कार्ड नाही, उपासनेचे आमंत्रण नाही आणि त्या वस्तीतल्या मोठ्या माणसांना आधी विचारल्याशिवाय पाऊल टाकायचे नाही. हा नियम केवळ भीतीपोटी नको. येशूच्या दृष्टांतातल्या शोमरोनी माणसाने वाटेवर पडलेल्याची जखम बांधली, उतारशाळेचे पैसे भरले आणि तो आपल्या कामाला निघून गेला. त्या जखमी माणसाने पुढे काय मानावे याबद्दल गोष्टीत एक अक्षरही नाही.

आणि एक विनंती शिक्षकांना. मलाखीच्या तिसऱ्या अध्यायाचा आधार घेऊन मुलांना 'दहा द्या, देव शंभर देईल' असे शिकवणे आता काही ठिकाणी सुरू झाले आहे. ते कृपा करून थांबवा. ज्या मुलाच्या वडिलांचे काम सुटले आहे ते मूल यातून एवढेच शिकते की आपण कमी दिले म्हणून असे झाले. ते मूल पुढे देवावर तरी रागावेल किंवा स्वतःवर तरी.

घरांबद्दल फार लिहीत नाही, कारण पत्र कमिट्यांना आहे. पण नारायण वामन टिळकांचे सढळ हात आणि त्या हातांमुळे घर चालवताना लक्ष्मीबाईंची होणारी तारांबळ 'स्मृतिचित्रे' वाचणाऱ्याला ठाऊक आहे. 1917 साली मिशनचा पगार सोडण्याइतके टिळक निरिच्छ होते, याचा आपल्याला अभिमान आहे. पण त्या निरिच्छपणाचा भार चुलीपुढे बसलेल्या बाईनेही उचलला, हेही मुलांना सांगितले पाहिजे. मुलगा रविवारी पिशवीत टाकतो आणि त्याच घरात गावाकडच्या आजीच्या औषधाला पैसे पाठवायला टाळाटाळ होते, तर त्यासाठी, म्हणजे देवाला वाहिले असे म्हणून आईबापांची मदत टाळण्यासाठी, मार्काच्या सातव्या अध्यायात 'कुर्बान' हा शब्द आहे. तो अध्याय आपल्या पालक सभेत वाचला गेल्याचे मला तरी आठवत नाही.

सोयीसाठी ठरावाचा मसुदा देते. शब्द आपण बदलावेत. "शब्बाथ शाळेतील मुलांचे अर्पण 1 जानेवारीपासून स्वतंत्र सदरी जमा करावे; ते मुलांच्या किंवा मंडळीच्या कोणत्याही खर्चासाठी वापरू नये; त्याचा विनियोग मुलांनी शिक्षकांच्या देखरेखीखाली ठरवावा; वर्गवार रकमा जाहीर करू नयेत; आणि मुलांच्या नाताळ कार्यक्रमाचा खर्च मुख्य निधीतून करावा."

आमच्या कमिटीपुढे हा ठराव या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी, उपासनेनंतर येणार आहे. दोन सभासद बाजूने आहेत, तिघे बजेट पाहून बोलू म्हणतात, एकांना ही सगळी बाईंची हौस वाटते. मला बैठकीत बसता येत नाही, म्हणून चपलांच्या पावत्या आणि डब्याची वही घेऊन मी बाहेरच्या बाकावर थांबेन. कुरकुरेवाला मुलगा आता वरच्या वर्गात गेला आहे. तो म्हणतो की त्यालाही आत बोलवा, त्याला हिशेबाचे दोन प्रश्न विचारायचे आहेत.

आपली नम्र,
शब्बाथ शाळेची एक जुनी शिक्षिका